पाच मित्र, पाच शहरे आणि एक वही : युरोपचा रेल्वेप्रवास कमी खर्चात कसा आखावा

परभणीहून मुंबईला जायचे तर स्लीपरचे भाडे दीड महिना आधी काढले काय आणि आठ दिवस आधी काढले काय, सारखेच पडते. फरक पडतो तो कन्फर्म, आरएसी आणि वेटिंगमध्ये. मध्य युरोपातील लांब पल्ल्याच्या गाड्यांचे गणित नेमके उलटे आहे. तिथे वेटिंग हा प्रकार नाही आणि ऐन वेळी स्टेशनवर गेलात तरी बहुतेक गाड्यांचे तिकीट हातात पडते, पण दोन-तीन महिने आधी जे तिकीट वीस-पंचवीस युरोंना मिळत होते, त्याच गाडीच्या त्याच वर्गासाठी त्या दिवशी दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागू शकतात. शिवाय ते स्वस्त तिकीट ठरावीक तारखेच्या ठरावीक गाडीला बांधलेले असते. आपल्या चुकीने गाडी हुकली की ते तिकीट रद्दी. थोडक्यात, तिथे रेल्वेने स्वस्तात फिरणे म्हणजे मुख्यतः लवकर ठरवणे, आणि ज्याने कधी पाच मित्रांना तुळजापूरच्या दर्शनासाठी एका जीपमध्ये वेळेवर बसवले असेल त्याला हे काम किती अवघड असते ते सांगायला नको.

पुढची आखणी आम्ही पाच जणांनी केलेल्या प्रवासावर बेतलेली आहे. आमच्यात एक जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, एक कृषी सेवा केंद्राचे मालक, एक सोयाबीन-तूर घेणारे शेतकरी, एक छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यातले सुपरवायझर आणि मी. म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, प्राग आणि बर्लिन असा तेरा रात्रींचा मार्ग आम्ही धरला. तुमचा मार्ग वेगळा असेल, पण कामांचा क्रम बहुधा हाच राहील.

आधी तारखा, मग पैसे, मग नकाशा

नकाशा उघडला की प्रत्येकाला एकेक शहर आठवते आणि बैठक तिथेच भरकटते, म्हणून पहिल्या बैठकीत नकाशा आणूच नये. आमच्या शिक्षकांना मे महिन्याशिवाय सलग सुट्टी मिळत नव्हती. कृषी सेवा केंद्रवाल्यांना मेच्या शेवटच्या आठवड्यानंतर दुकान सोडणे शक्य नव्हते, कारण ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि त्याच्या आधीपासूनच बियाण्या-खतांसाठी दुकानात रांग असते. शेतकरी मित्रालाही पेरणीच्या आत घरी पोहोचायचे होते. या तिघांच्या अडचणी वहीत शेजारीशेजारी लिहिल्या आणि तारीख आपोआप ठरली : मेचा पहिला आठवडा संपता निघायचे आणि २२ तारखेच्या आत परत यायचे. मध्य युरोपासाठी हा काळ चांगलाच आहे. दिवस मोठे असतात, रात्री नऊपर्यंत उजेड राहतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी व तेव्हाचे चढे भाव अजून सुरू झालेले नसतात. मात्र १ मे रोजी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेक या तिन्ही देशांत सुट्टी असते, चेक देशात ८ मे रोजीही असते, तेव्हा त्या दिवसांचे मुक्काम आणि प्रवास आधी पाहून घ्यावेत. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : सप्टेंबरच्या उत्तरार्धात म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव सुरू होतो आणि तेव्हा खोल्यांचे भाव बजेटात बसत नाहीत, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात, त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो.

पैशाची बोलणी पहिल्याच बैठकीत आणि आकड्यांतच व्हावीत. प्रत्येकाने आपली वरची मर्यादा एका चिठ्ठीवर लिहून द्यावी आणि सगळ्यांत कमी आकडा हाच गटाचा आकडा मानावा. ज्याची ऐपत जास्त आहे त्याने ती खरेदीत दाखवावी, मुक्कामाच्या हॉटेलात नव्हे. नाहीतर कमी पैसेवाला मित्र सगळा प्रवास अवघडून करतो आणि तोंडाने काही बोलत नाही. आम्ही खर्चाचे पाच भाग पाडले : विमान, व्हिसा व विमा, मुक्काम, रेल्वे आणि रोजचा खर्च. ज्या रेल्वेसाठी एवढा खटाटोप, ती या पाचांत जवळजवळ सर्वांत लहान रक्कम निघाली. विमान आणि मुक्काम हेच खरे मोठे खर्च होते. रकमेचे तीन हप्ते केले आणि त्यांच्या तारखा सणांवर बसवल्या : दिवाळीनंतर सोयाबीन विकल्यावर पहिला, संक्रांतीला दुसरा, होळीला तिसरा. पगारदार माणसाला कोणतीही तारीख चालते, शेतकऱ्याला चालत नाही.

आमच्या वहीत एक नियम नंतर वाढवावा लागला. व्हिएन्ना–प्राग गाडीचे चांगले भाडे आम्ही हेरून ठेवले होते आणि चौघांचा होकार होता, पण पाचव्याने ‘बघू, सांगतो’ म्हणून तीन आठवडे घालवले. तोवर तेच तिकीट पाचही जणांना दीडपटीने महाग झाले. त्या दिवशी वहीत लिहिले : ठरलेल्या तारखेला हप्ता आला नाही तर उरलेल्यांची तिकिटे काढायची आणि ‘बघू’ याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा. नियम कठोर वाटला, पण पुढच्या हप्त्याला कोणाला आठवण करावी लागली नाही.

एका रेषेत जाणारा मार्ग

मार्ग आखताना एकच कसोटी लावावी : पुढे गेलेला माणूस मागे येता कामा नये. एका शहरात विमानाने उतरायचे आणि दुसऱ्याच शहरातून परतीचे विमान धरायचे. विमानाच्या तिकिटाच्या संकेतस्थळांवर ‘मल्टी-सिटी’ असा पर्याय असतो आणि बरेचदा त्याचे भाडे साध्या जाऊन-येऊन तिकिटापेक्षा फारसे वेगळे पडत नाही. म्युनिकला उतरून बर्लिनहून निघालो नसतो, तर शेवटी म्युनिकला परतण्यात एक दिवस आणि एक तिकीट वाया गेले असते.

शहरांची संख्या मात्र निर्दयपणे कमी करावी. शहर बदलायचे म्हणजे गाडीतले चार तासच नव्हेत. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, सामान ओढत स्टेशनवर जायचे, नव्या शहरात स्टेशनपासून मुक्कामाची वाट शोधायची आणि दुपारी तीनशिवाय नवी खोली मिळत नाही म्हणून तोवर बॅगांवर बसून राहायचे. एका बदलात अर्धा दिवस जातोच. म्हणून आम्ही चारच मुक्काम ठेवले : म्युनिकला तीन रात्री, व्हिएन्नाला चार, प्रागला तीन आणि बर्लिनला तीन. साल्झबर्ग वाटेतच लागते. तिथे राहण्याऐवजी सकाळी म्युनिकहून पोहोचायचे, स्टेशनवरच्या लॉकरमध्ये बॅगा टाकायच्या, दिवसभर गाव आणि किल्ला पायी पाहायचा आणि संध्याकाळच्या गाडीने व्हिएन्ना गाठायचे. म्युनिक ते साल्झबर्ग साध्या गाडीने सुमारे दोन तास, साल्झबर्ग ते व्हिएन्ना अडीच तास, व्हिएन्ना ते प्राग चार तासांच्या थोडे वर आणि प्राग ते बर्लिन साधारण सव्वाचार-साडेचार तास लागतात. रात्रीची गाडी आम्ही मुद्दाम टाळली. एवढ्या अंतरांना ती लागत नाही, आणि बर्थचे पैसे धरले तर पाच जणांच्या एका स्वस्त खोलीपेक्षा ती बरेचदा महागच पडते.

नातेवाईक विचारतीलच की युरोपात गेलात आणि पॅरिस पाहिले नाही का. या प्रश्नापायी पुष्कळ गटांचे बजेट मोडते. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम हे तिन्ही या मार्गाला जोडले की अंतरे वाढतात, फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत आरक्षण सक्तीचे होते आणि स्वित्झर्लंडमध्ये जेवणाच्या एका बिलात व्हिएन्नाची दोन जेवणे होतात. ती दुसरी सहल आहे. तिची दुसरी वही करावी.

व्हिसा : परभणीच्या कागदांनी

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेक हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात येत असल्याने एकाच व्हिसावर तिन्ही होतात. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे आवडीवर नसून रात्रींच्या संख्येवर ठरते. जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा आणि दिवस सारखे असतील तर जिथून प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. आमच्या जर्मनीत सहा, ऑस्ट्रियात चार आणि चेकमध्ये तीन रात्री होत्या, म्हणून अर्ज जर्मनीकडे गेला. ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो आहे आणि व्हिसा केंद्राची सेवाफी त्यावर वेगळी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन क्षेत्रात चालणारा लागतो.

मराठवाड्यातल्या गटाची खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्यात येते. पगारदाराकडे पगाराच्या स्लिपा असतात, दुकानदाराकडे शॉप ॲक्टचा परवाना, जीएसटी नोंदणी आणि आयकर विवरण असते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसल्यामुळे शेतकऱ्याकडे मात्र बरेचदा विवरणपत्रच नसते. आमच्या मित्राने सातबारा आणि आठ-अ, आडत दुकानाच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट असा संच केला. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडले आणि सोबत एका पानाचे पत्र दिले की जमीन किती, पिके कोणती, पैसा वर्षातून कोणत्या महिन्यांत येतो आणि जूनमध्ये पेरणीसाठी परत येणे का भाग आहे. व्हिसा देणाऱ्याला दोनच गोष्टी पाहायच्या असतात, खर्च झेपेल का आणि माणूस परत येईल का. पेरणीइतके परतण्याचे सबळ कारण पगारदाराकडेही नसते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून दोन लाख आणून खात्यात टाकणे मात्र टाळावे. असा एकरकमी भरणा मदत करण्याऐवजी शंका वाढवतो. सरकारी नोकरांनी परदेशी जाण्याची परवानगी आणि ना-हरकत प्रमाणपत्र यांचा अर्ज सगळ्यांत आधी टाकावा, कारण ती फाइल टेबलावरून टेबलावर जायला लागणारा वेळ कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो.

बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई किंवा पुण्याला प्रत्यक्ष जावे लागते, तेव्हा पाचही जणांनी एकाच दिवशीची भेटीची वेळ मिळवण्याचा प्रयत्न करावा. मुक्कामाची आरक्षणे व्हिसासाठी दाखवायची असतात, पण ती विनाशुल्क रद्द होणारीच घ्यावीत.

इथे एक पेच आहे. स्वस्त रेल्वे तिकिटे परत होत नाहीत आणि व्हिसा मिळेपर्यंत जाणे पक्के नाही. तो सोडवण्याचा एकच मार्ग आम्हाला दिसला : व्हिसाचे काम पुढे ओढणे. मेच्या प्रवासासाठी आम्ही जानेवारीत अर्ज केले, फेब्रुवारीत शिक्के आले आणि त्याच आठवड्यात व्हिएन्ना–प्राग सोडून बाकीची रेल्वे तिकिटे काढली. अडीच महिने आधी स्वस्त जागा अजून शिल्लक होत्या.

पास घ्यावा की सुटी तिकिटे

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल हा पास १९५९ पासून मिळतो; इंटररेल हा त्याचा भाऊ युरोपातल्या रहिवाशांसाठी असल्याने भारतीय पासपोर्टवर इथून जाणाऱ्यांनी चुकून तो घेऊ नये. ग्लोबल पासवर ३३ देशांत फिरता येते आणि त्यातला लहान पास एका महिन्यात कोणतेही चार दिवस प्रवासाचे देतो. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना त्यात २५ टक्के सूट असते. पास घेतला की गाडी आयत्या वेळी बदलता येते, ही त्याची खरी किंमत. पण फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांत पासवाल्यालाही आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात, हे पास विकणारी जाहिरात ठळक अक्षरांत सांगत नाही.

हिशेब असा करावा. पासाची रक्कम दिवसांनी भागावी. समजा ३०० युरोंना चार दिवस मिळत असतील तर एका दिवसाला ७५ युरो झाले. आता त्या दिवशी जो प्रवास करणार त्याचे आगाऊ तिकीट किती पडते ते पाहावे. आमचे प्रवासाचे दिवस तीनच होते आणि एकाही दिवसाचे आगाऊ तिकीट ७५ च्या जवळ जात नव्हते. म्हणून आम्ही सुटी तिकिटे घेतली. ज्यांचे प्रवासाचे दिवस सात-आठ आहेत, अंतरे लांब आहेत किंवा पुढचे शहर आदल्या रात्री ठरवण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी उत्तर वेगळे येईल.

सुटी तिकिटे शक्यतो त्या-त्या देशाच्या रेल्वेच्या संकेतस्थळावरूनच काढावीत : जर्मनीसाठी डॉइचे बान, ऑस्ट्रियासाठी ओबीबी, चेकसाठी चेस्के द्राही. दोन देशांना जोडणारी एकच गाडी दोन्ही रेल्वे विकतात आणि त्यांच्या किमती सारख्या नसतात. व्हिएन्ना–प्राग आणि प्राग–बर्लिन या दोन्ही प्रवासांचे भाडे आधी चेकच्या संकेतस्थळावर आणि मग दुसऱ्या देशाच्या संकेतस्थळावर पाहावे. व्हिएन्ना–प्राग मार्गावर रेजिओजेट ही खासगी कंपनी आणि साल्झबर्ग–व्हिएन्ना मार्गावर वेस्टबान ही खासगी कंपनीही गाड्या चालवते. एका कंपनीचे स्वस्त तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, हे लक्षात ठेवावे. पाच जणांसाठी एकदम शोधताना किंमत जास्त दिसली तर तीन आणि दोन असे वेगळे शोधून पाहावे, कारण सर्वांत स्वस्त भाड्याच्या मोजक्याच जागा उरल्या असतील तर त्या निदान तिघांना तरी मिळतात. पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू आहे का ते तपासावे. नव्या कार्डांवर तो मुळात बंदच असतो. आणि वर्षाचे नवे वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारच्या मध्यरात्री लागू होते, तेव्हा दिवाळीत पाहून ठेवलेली गाडी मेमध्ये त्याच वेळेला असेलच असे धरू नये.

पाच जणांच्या गटाला जर्मनीत एक घबाडच मिळते. बायर्न तिकीट नावाचे एका दिवसाचे तिकीट एका माणसापासून पाच जणांपर्यंत काढता येते आणि प्रत्येक वाढीव माणसामागे थोडीशीच रक्कम चढते. बव्हेरिया राज्यातल्या सगळ्या साध्या गाड्यांत, म्युनिकच्या मेट्रो-ट्राम-बसमध्ये आणि थेट सीमेपलीकडच्या साल्झबर्ग स्टेशनपर्यंत ते चालते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतर लागू होते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. आयसीई, आयसी, ईसी आणि रेलजेट या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. तिकिटावर पाचही जणांची नावे लिहावी लागतात. आम्ही नऊ वाजून काही मिनिटांनी सुटणारी गाडी धरली. तिकिटाचे पाचांत भाग केले तेव्हा शिक्षकांनी ते दोनदा मोजले, कारण एवढ्या कमी पैशांत देश ओलांडतो यावर त्यांचा विश्वास बसेना. याला आगाऊ आरक्षण लागत नाही आणि आदल्या दिवशीचे व त्या दिवशीचे भाडे सारखेच असते, म्हणून म्युनिकचा एक मुक्काम पुढेमागे झाला तरी नुकसान होत नाही.

मुक्काम आणि जेवण

पाच जणांना दोन खोल्या घेण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेले छोटे घर किंवा हॉस्टेलची सहा खाटांची खोली परवडते. घराच्या भाड्यात सफाईचे पैसे आणि शहराचा पर्यटनकर धरला आहे का ते पाहून मगच तुलना करावी. तिथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही, हे कळायला आम्हाला प्रागमध्ये चार जिने चढावे लागले.

घरून नेण्याच्या खाण्याबद्दल एक कडक नियम आहे. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा आणि दुधात मळलेल्या दशम्या घरीच राहू द्याव्यात. ताज्या कढीपत्त्याची पुडीही नको, कारण ताज्या पाल्यालाही रोपस्वास्थ्याचे प्रमाणपत्र लागते. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, येसर, मेतकूट आणि तेलातले धपाटे यांना अडचण आली नाही. व्हिएन्नाच्या स्वयंपाकघरात येसराची आमटी आणि सुपरमार्केटातला भात झाला, त्या रात्री पाच जणांचे जेवण एका माणसाच्या हॉटेलच्या बिलात भागले. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळी सामान भरून ठेवावे, नाहीतर मोठ्या स्टेशनांतल्या दुकानांवर भिस्त ठेवावी लागते. पाणी मात्र विकत घेऊ नये, नळाचेच प्यावे. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी येते आणि त्याची पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेले पाणी पाहिलेल्या माणसाला तो नळ बंद करताना हात जरा जास्तच घट्ट पिळावासा वाटतो.

चेकमध्ये युरो नसून कोरुना चालते. कार्डाने पैसे देताना यंत्र विचारते की रुपयांत कापू की तिथल्या चलनात. दर वेळी तिथलेच चलन निवडावे, कारण रुपयांचा पर्याय निवडला की दर यंत्रवाला लावतो.

गाडीत बसताना

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकच्या बहुतेक गाड्यांत तिकीट म्हणजे जागा नव्हे. आरक्षण वेगळे असते आणि सक्तीचे नसते. जागेच्या वरच्या पाटीवर किंवा चिठ्ठीवर दोन स्टेशनांची नावे असतील तर तेवढ्या अंतरासाठी ती जागा दुसऱ्याची, कोरी असेल तर खुशाल बसावे. दोघांना आरक्षणाशिवाय चालते, पाच जणांना एकत्र बसायचे तर चार तासांच्या प्रवासासाठी ते थोडे पैसे खर्च करावेत. फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि कोणता डबा कोणत्या भागात येईल त्याचा तक्ता फलाटावर असतो. गाडी मोठ्या स्टेशनवरही फार वेळ थांबत नाही, त्यामुळे आपल्याकडच्यासारखे डबा शोधत धावण्याची सोय नाही.

एक गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. काही गाड्या दोन गाड्या जोडून निघतात आणि वाटेत एका स्टेशनवर तुटून दोन दिशांना जातात. म्युनिकहून एका दिवसाच्या फेरफटक्याला निघालो तेव्हा चौघे पुढच्या भागात बसले आणि सुपरवायझर मित्र मागच्या भागात खिडकी मिळाली म्हणून तिथेच राहिले. मधल्या स्टेशनवर ते आम्हाला हात हलवून दाखवत होते आणि आम्हीही हलवत होतो. त्यांची अर्धी गाडी दुसऱ्या रुळाला लागली तेव्हा दोन्हीकडचे हात खाली आले. डब्याच्या दाराजवळच्या फलकावर त्या डब्याचे अंतिम स्टेशन लिहिलेले असते. ते प्रत्येकाने स्वतः वाचावे, आणि गटाच्या तिकिटाची प्रत प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावी. आमचे गटाचे तिकीट माझ्या खिशात होते, त्यामुळे त्यांना तपासनिसाला सगळी कथा सांगावी लागली.

शहरातल्या मेट्रो आणि ट्रामला फाटके नसतात, म्हणून ती फुकट आहे असे समजू नये. कागदी तिकिटावर प्रवास सुरू करतानाच यंत्रात शिक्का मारायचा असतो. खिशात तिकीट आहे पण शिक्का नाही, तर बर्लिनमध्ये तुम्ही विनातिकीटच आणि दंड ६० युरो.

गाड्या तिकडेही उशिरा धावतात. गाडी बदलायची असेल तर सबंध प्रवासाचे एकच तिकीट घ्यावे, म्हणजे पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी हुकली तरी पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेवर राहते. दोन तुकड्यांत स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली तर ती जबाबदारी तुमची. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अंतिम स्टेशनवर एक तास ते दोन तासांच्या आत उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर निम्मे भाडे मागता येते, मात्र काही अपवादात्मक कारणे त्यातून वगळलेली आहेत. अर्ज घरी आल्यावरही करता येतो; त्यासाठी तिकिटे जपून ठेवावीत.

प्रागहून बर्लिनला जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या धराव्यात. सीमेजवळचे देचिन सोडल्यापासून ड्रेस्डेनच्या अलीकडेपर्यंत एल्बे नदी त्या बाजूने सोबत चालते आणि पलीकडच्या काठावर वालुकाश्माचे सुळके उभे राहतात. आमच्या गटात ही जागा आलटून-पालटून घ्यायचे ठरले होते, पण शेतकरी मित्र नदीकाठची मळी आणि तिच्यातली पिके पाहण्यात असे गुंतले की त्यांना कोणी उठवले नाही.

वही कोणाकडे

पाच जणांत एकच खजिनदार असावा आणि तो सगळ्यात श्रीमंत नव्हे, तर सगळ्यात टापटीप माणूस असावा. रोजच्या सामायिक खर्चासाठी प्रत्येकाने सारखी रक्कम त्याच्याकडे द्यावी. दूध, भात, ट्रामचे तिकीट, लॉकर हे त्यातून, आणि बिअर, आईस्क्रीम, घरच्यांसाठीच्या वस्तू आपापल्या खिशातून. मोबाइलवर हिशेब वाटून देणारी ॲप आहेत आणि ती चांगली आहेत, पण आमच्या खजिनदारांनी दोनशे पानी वहीच वापरली. रोज रात्री झोपण्याआधी ते दिवसाचा खर्च मोठ्याने वाचत आणि हरकत त्याच वेळी घ्यावी लागे. दुसऱ्या दिवशी घेतलेली हरकत चालत नसे.

परतीचे विमान मुंबईला कधी उतरते ते पाहून पुढच्या गाडीचे आरक्षण करावे. आपल्या रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडते, म्हणजे युरोपातली तिकिटे हातात येऊन महिना झाला तरी देवगिरी किंवा नंदिग्रामचे तिकीट काढायचे उरलेलेच असते, आणि मेच्या सुट्टीत ते पहिल्या दिवशी संपते. विमान उशिरा आले तर काय, म्हणून मध्ये निदान पाच-सहा तास ठेवावेत. हिशेब परभणीला पोहोचण्याआधी, याच गाडीत मिटवावा. आमच्या वहीत शेवटी प्रत्येकाच्या नावावर सातशे काही रुपये परत निघाले आणि ते मनमाड येण्याआधी ज्याच्या त्याच्या हातात पडले.